दुसरा बाजीराव आणि वसईचा तह : परक्यांचे युद्ध आपल्या अंगणात कसे येते?

वसईचा किल्ला म्हटला की आपल्या परिसरातील लहानथोरांना चिमाजी अप्पांचा विजय आठवतो. मे १७३९ मध्ये मराठी फौजांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि उत्तर कोकणातील त्यांची सत्ता संपविली, हे शालेय पाठ्यपुस्तकांपासून किल्ला दाखविणाऱ्या वाटाड्यांपर्यंत सर्वजण सांगतात. त्याच वसईत ६३ वर्षांनी घडलेली दुसरी घटना मात्र फारशी सांगितली जात नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी चिमाजी अप्पांच्या थोरल्या बंधूंचा नातू, पेशवा दुसरा बाजीराव, याने येथे ईस्ट इंडिया कंपनीबरोबर तह केला. पहिल्या घटनेत एका परकीय सत्तेला बाहेर काढण्यात आले होते. दुसऱ्या घटनेत दुसऱ्या परकीय सत्तेला सन्मानाने आत बोलावण्यात आले.

एखादा देश दुसऱ्याच्या युद्धात का पडतो, हा प्रश्न आजही वर्तमानपत्र वाचणारी मुले विचारतात. आपल्याशी ज्यांचे वैर नाही अशा लोकांच्या भूमीवर हजारो मैलांवरून सैन्य कशासाठी जाते? आणि ज्यांच्या भूमीवर ते येते, त्यांच्यापैकी कोणी त्याचे स्वागत का करतो? उत्तर शोधण्यासाठी दूरच्या राजधान्यांकडे पाहण्याची आपली सवय आहे. आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना मात्र वाटते की या प्रश्नाचा एक उत्तम धडा आपल्याच तालुक्यात पडून आहे. त्यासाठी दुसऱ्या बाजीरावाचे चरित्र नीट वाचले पाहिजे.

बाजीरावाचा जन्म १० जानेवारी १७७५ रोजी धार येथे झाला. जन्माच्या वेळी त्याचे कुटुंब परागंदा होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात तरुण पेशवा नारायणराव याचा खून झाला आणि त्याचा चुलता रघुनाथराव गादीवर बसला. नाना फडणवीस व अन्य कारभाऱ्यांनी त्याला विरोध केला. नारायणरावाच्या पत्नीस पुत्र झाल्यावर त्या बालकाच्या, म्हणजे सवाई माधवरावाच्या, नावाने त्यांनी राज्य चालविले. गादी गेलेल्या रघुनाथरावाने पत्नी आनंदीबाईला धारच्या आश्रयास ठेवले आणि स्वतः इंग्रजांकडे धाव घेतली. मार्च १७७५ मध्ये सुरत येथे त्याने मुंबईकर इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी अडीच हजार सैनिक द्यावेत, त्यांचा खर्च रघुनाथरावाने सोसावा आणि मोबदल्यात साष्टी व वसई इंग्रजांना द्यावी, असे त्यात ठरले. पुत्र दोन महिन्यांचा असतानाच पित्याने वसई लिहून दिली होती.

इंग्रजांना रघुनाथरावाचा कळवळा होता काय? तसे मुळीच नव्हते. मुंबई हे तेव्हा एक लहानसे बेट होते. धान्य, लाकूड, महसूल आणि बंदराची सुरक्षितता यांसाठी साष्टी व वसई आपल्या हाती असावी, असे कंपनीला कित्येक वर्षे वाटत होते. पोर्तुगीज हा मुलूख परत घेतील, ही भीतीही होती. म्हणून तहाची वाट न पाहता डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन टाकला होता. रघुनाथरावाच्या विनंतीने त्यांच्या जुन्या इच्छेला न्याय्य कारणाचे रूप मिळाले. पुढे सात वर्षे युद्ध चालले. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गोडार्डने वसईही जिंकली. मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी मात्र कायमची गेली. ज्याच्यासाठी युद्ध झाले म्हणतात, त्या रघुनाथरावाला निवृत्तिवेतन घेऊन गोदावरीकाठी कोपरगावास राहावे लागले. तेथे डिसेंबर १७८३ मध्ये तो मरण पावला.

पित्याच्या पराभवानंतर बाजीराव आणि त्याच्या भावांना नाना फडणवीसांच्या पहाऱ्यात वाढावे लागले. प्रथम नाशिकजवळ आनंदवल्ली, नंतर १७९४ मध्ये शिवनेरी असा त्यांचा मुक्काम होता. बाजीराव देखणा होता, गोड बोलणारा होता आणि संस्कृत शास्त्रांत त्याची गती होती. परंतु राज्यकारभाराचा अनुभव त्याला मिळाला नाही आणि माणसांवर विश्वास टाकण्याचे शिक्षणही मिळाले नाही. कैदेत वाढलेल्या या तरुणाने एकच विद्या आत्मसात केली. एका सरदाराला दुसऱ्याविरुद्ध झुलवत ठेवायचे आणि कोणालाही दिलेला शब्द अंतिम मानायचा नाही, ही ती विद्या होय.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावाचा शनिवारवाड्यातील सज्जावरून पडून मृत्यू झाला. वर्षभराच्या कारस्थानांनंतर डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवा झाला. गादीसाठी त्याने दौलतराव शिंदे याला प्रचंड रकमा कबूल केल्या होत्या. त्या देण्यासाठी तिजोरीत पैसा नव्हता. १७९८ मध्ये शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे याने पुण्यातील सावकार व रहिवासी यांचा छळ करून पैसा वसूल केला. राजाच्या गादीची किंमत रयतेने अशी मोजली. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस मरण पावले आणि भांडणाऱ्या सरदारांना आवर घालणारा शेवटचा मुत्सद्दी गेला.

होळकरांच्या घराण्यातही याच काळात वारसाहक्काचे भांडण पेटले होते. तुकोजी होळकर १७९७ मध्ये वारला. त्यानंतर काही आठवड्यांत शिंद्यांच्या सैनिकांनी पुण्यात त्याचा पुत्र मल्हारराव याला ठार केले. दुसरा पुत्र विठोजी पेशव्याविरुद्ध उठला आणि पकडला गेला. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने त्याला पुण्यात हत्तीच्या पायाखाली देऊन मारविले. विठोजीचा भाऊ यशवंतराव मोठी फौज घेऊन दक्षिणेकडे निघाला. शिंदे-होळकर वादात पेशव्याने न्याय करावा, आपल्या घराण्याचा वारस मोकळा करावा, असे तो कळवीत होता. पेशवा हा सरदारांचा प्रमुख होता आणि भांडणाऱ्या दोन पक्षांमध्ये निवाडा करणे हेच त्याच्या पदाचे पहिले काम होते. बाजीराव स्वतःच त्या भांडणातला एक पक्ष होऊन बसला होता. निवाडा करणारा कोणी उरला नाही, तेव्हा निर्णय तलवारीकडे गेला.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, पुण्याजवळ हडपसर येथे यशवंतरावाने शिंदे व पेशवे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. त्याच दिवशी बाजीरावाने इंग्रज रेसिडेंट बॅरी क्लोज याच्याकडे कबुली पोहोचविली, की कंपनीची फौज आपण ठेवून घेऊ आणि तिच्या खर्चासाठी मुलूख देऊ. नंतर तो सिंहगडावर आणि तेथून कोकणात उतरला. महाड, सुवर्णदुर्ग असा प्रवास करीत, शेवटी इंग्रजांच्या जहाजातून, डिसेंबरच्या मध्यास तो वसईस आला. इकडे यशवंतरावाने पुण्यात रघुनाथरावाचा दत्तक पुत्र अमृतराव याच्या हाती कारभार दिला होता.

वसईच्या तहाची कलमे वाचताना मन विषण्ण होते. कंपनीचे किमान ६,००० पायदळ तोफांसह पेशव्याच्या राज्यात कायम राहील. त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख पेशवा कंपनीला तोडून देईल. इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रातील युरोपियनांना तो चाकरीस ठेवणार नाही. सुरतेवरील हक्क सोडील. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रजांचा निवाडा मान्य करील. इंग्रजांना विचारल्याशिवाय तो कोणत्याही राज्याशी युद्ध किंवा बोलणी करणार नाही. या शेवटच्या दोन कलमांकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. फौज आणि पैसा ही हानी भरून येऊ शकते. परंतु आपसांतील तंटा कोणी मिटवावा आणि युद्ध केव्हा करावे, हे ठरविण्याचा अधिकार एकदा परक्याच्या हाती गेला म्हणजे राज्य नावापुरते उरते.

आता इंग्रजांची बाजू पाहू. पुण्याच्या गादीवर कोण बसतो याची लंडनला काय पर्वा होती? युरोपात १७९३ पासून इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध जुंपले होते. १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला तेव्हा त्याचा पुढचा रोख हिंदुस्थानकडे असेल, ही शंका इंग्रजांना आली. गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याने त्याच वर्षी निजामाची फ्रेंच अधिकाऱ्यांखालील पलटण मोडविली आणि पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टणम येथे टिपू सुलतानाचा अंत केला. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनापती पेराँ हा फ्रेंच होता, ही बाब वेलस्लीला मोठी सोयीची होती. फ्रेंचांचे भय काही अंशी खरे होते आणि काही अंशी विस्ताराची सबब होते. त्यात महसुलाची हाव मिसळली, गव्हर्नर जनरलची महत्त्वाकांक्षा मिसळली आणि तैनाती फौजेची विलक्षण सोय मिसळली. या पद्धतीत ज्याचे रक्षण करायचे त्याच्याच मुलखाच्या पैशावर कंपनीचे सैन्य पोसले जाई. लंडनमध्ये सर्वांना हे पसंत होते असेही नाही. तेथील मंत्री लॉर्ड कॅसलरे याने या तहावर टीका केली. या तहामुळे आपण मराठ्यांच्या न संपणाऱ्या भांडणांत गुंतून पडू, असा त्याचा इशारा होता. परंतु जहाजाने टपाल जाऊन उत्तर येईपर्यंत महिनेच्या महिने लागत. तोवर युद्धे सुरू होऊन गेलेली असत.

तसेच झाले. आर्थर वेलस्ली या गव्हर्नर जनरलच्या भावाने फौजेसह पुणे गाठले आणि १३ मे १८०३ रोजी बाजीरावाला पुन्हा गादीवर बसविले. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य होणे शक्य नव्हते. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले. अहमदनगर पडले, २३ सप्टेंबर रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे घनघोर लढाई झाली. नोव्हेंबरमध्ये अडगाव आणि डिसेंबरमध्ये गाविलगड गेला. उत्तरेत दिल्ली इंग्रजांच्या हाती आली. एकट्या असईला इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांहून अधिक सैनिक ठार वा जखमी झाले आणि त्यांत मोठा भाग मद्रासेच्या हिंदी शिपायांचा होता. हिंदी माणूस दोन्ही बाजूंनी मरत होता. लष्करांच्या येण्याजाण्याने व लुटीने उद्ध्वस्त झालेल्या दख्खनमध्ये पाऊसही कमी पडला आणि १८०३–०४ मध्ये भीषण दुष्काळ पडला. ज्यांना तहाचे एक कलमही ठाऊक नव्हते, त्यांच्या घरातील चुली विझल्या. यशवंतराव या युद्धात प्रथम बाजूला राहिला आणि शिंदे हरल्यावर एकटा लढला. एकत्र लढले असते तर निकाल वेगळा लागता काय, हे सांगता येत नाही. वेगवेगळे लढल्यामुळे प्रत्येकाला वेगळा तह करावा लागला, एवढे मात्र निश्चित आहे.

परत मिळालेली गादी बाजीरावाला सुखाची झाली नाही. १८११ पासून रेसिडेंट असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन त्याच्या दरबारावर बारीक नजर ठेवून होता. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन याचा पंढरपुरात खून झाला. तो कंपनीच्या हमीवर आला होता. पेशव्याचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याला इंग्रजांच्या स्वाधीन करावे लागले आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. १८१६ मध्ये तो तेथून निसटला. जून १८१७ मध्ये इंग्रजांनी बाजीरावावर आणखी कठोर तह लादला. आता आपण आत घेतलेल्या फौजेला बाहेर काढावे असे त्याला वाटू लागले, पण पंधरा वर्षे उशीर झाला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला त्याच्या फौजेचा पराभव झाला आणि त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

पाठलाग चुकवीत फिरणाऱ्या याच पेशव्याच्या फौजेची १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीशी गाठ पडली. स्टाँटनजवळ मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे सुमारे पाचशे शिपाई, थोडे घोडदळ आणि दोन तोफा होत्या. पेशव्याची फौज वीस हजारांच्या वर होती. त्यांतील अरब, गोसावी व इतर पायदळ गावात घुसले. दिवसभर अन्नपाण्याविना ही तुकडी लढत राहिली आणि रात्री पेशव्याची फौज निघून गेली. तेथील स्तंभावर कोरलेल्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययावरून महार सैनिकांची म्हणून ओळखली जातात. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी या स्तंभास भेट दिली आणि तेव्हापासून ही भूमी आपल्या समाजाच्या स्मृतीचे तीर्थ झाली.

येथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. ते युद्धही कंपनीचे होते. मग आपले पूर्वज त्यात का लढले? याचे उत्तर पुण्याच्या वेशीवर मिळते. पेशव्यांच्या राज्यात अस्पृश्यांना गळ्यात मडके व कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात नमूद केले आहे. ज्या राज्याने माणसाला वेशीच्या आत माणूस म्हणून येऊ दिले नाही, त्या राज्याची वेस राखण्याचे कोणते ऋण त्याच्यावर होते? कंपनीच्या पलटणीत त्याला पगार मिळत होता, गणवेश मिळत होता, हुद्दा मिळत होता. म्हणूनच पेशव्यांचे राज्य पोकळ झाले. वर सरदार एकमेकांवर उठले होते आणि खाली रयतेचा मोठा भाग त्या राज्याला आपले मानत नव्हता. अशा राज्याला परक्या फौजेच्या कुबड्या लागतात आणि कुबड्या देणारा पुढे मालक होतो.

कंपनी आणि तिच्यामागून आलेले सरकार यांनी तरी या शिपायांचे उपकार स्मरले काय? १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांना त्याविरुद्ध अर्ज करावे लागले. पहिले महायुद्ध आले तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध आले तेव्हा १९४१ मध्ये महार रेजिमेंटची स्थापना झाली. परक्याच्या युद्धात शिपायाची किंमत गरजेपुरती असते, हा अनुभव आपल्या समाजाने तीन पिढ्या घेतला आहे.

२० फेब्रुवारी १८१८ रोजी अष्टीच्या लढाईत सेनापती बापू गोखले पडला आणि ३ जून १८१८ रोजी बाजीरावाने जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली. वार्षिक आठ लाख रुपयांच्या निवृत्तिवेतनावर त्याला कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर, येथे पाठविण्यात आले. तेथे तो ३२ वर्षांहून अधिक काळ जगला. या काळातील एक गोष्ट विलक्षण आहे. कंपनीने अफगाणिस्तानवर स्वारी केली आणि तिची तिजोरी ओढीस आली, तेव्हा या पदच्युत पेशव्याने तिला पाच लाख रुपये कर्जाऊ दिले. पंजाबच्या युद्धप्रसंगी एक हजार स्वार व एक हजार पायदळ उभे करून देण्याची तयारीही त्याने दाखविली. ज्या सत्तेने त्याचे राज्य घेतले, तीच सत्ता दुसऱ्यांची राज्ये घ्यायला निघाली असता तो तिला साह्य करीत होता. २८ जानेवारी १८५१ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब याला कंपनीने निवृत्तिवेतन नाकारले आणि १८५७ च्या उठावात तो कंपनीविरुद्ध उभा राहिला.

वसईत गेलेला युद्ध-शांततेचा अधिकार हळूहळू साऱ्या देशाचा गेला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदुस्थानच्या एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता देश जर्मनीविरुद्धच्या युद्धात उतरल्याचे जाहीर केले. वसईच्या तहातील कलमाची ती अखेरची सावली होती.

म्हणूनच २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दिलेला इशारा आम्हाला बाजीरावाच्या चरित्राचे सार वाटतो. भारताने पूर्वी स्वातंत्र्य गमावले ते आपल्याच काही लोकांच्या फितुरीमुळे, याची आठवण त्यांनी सिंधपासून पंजाबपर्यंतचे दाखले देऊन करून दिली आणि पक्ष किंवा पंथ देशापेक्षा मोठा मानला तर ते पुन्हा घडेल, असे बजावले. संविधानाच्या अनुच्छेद ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने मिटविण्यास उत्तेजन देण्याचे तत्त्व आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला तंटा बाबासाहेबांनी सविस्तर सांगितला आहे. युद्ध पुकारण्याच्या ठरावाला सिद्धार्थाने विरोध केला आणि दोन्ही बाजूंनी निवडलेल्या पंचांकडून निवाडा व्हावा, असे सुचविले. बहुमत विरुद्ध गेले, तेव्हा त्याने गृहत्याग पत्करला, पण त्या युद्धात भाग घेतला नाही. त्याच्या सूचनेत पंच आपल्यांतलेच होते. वसईच्या तहात पंच परका होता.

आपल्या वसतिगृहात निरनिराळ्या गावांची, निरनिराळ्या घरांची मुले एका पंगतीत जेवतात. त्यांची भांडणे होतात आणि ती त्यांनी आपसांत बसून मिटवावीत, असे आम्ही शिक्षक सांगत असतो. हे सांगणे केवळ शिस्तीसाठी नाही. आपल्या तंट्यांचा न्याय आपण करू शकतो आणि घरातल्या प्रत्येकाला ते घर आपले वाटते, अशा समाजाला परक्या फौजेची गरज पडत नाही आणि परक्याला आत येण्याची सबबही मिळत नाही. माजी विद्यार्थी आणि पालक आपल्या मुलांना घेऊन वसईचा किल्ला पाहण्यास जातील, तेव्हा त्यांनी १७३९ च्या विजयाबरोबर १८०२ चा तहही सांगावा, एवढीच आमची विनंती आहे.